तेल गळतंय? पाना जपून फिरवा

जुन्या पद्मिनी मोटारीच्या टॅपेट कव्हरखालून तेल झिरपलं, की हात आपसूक पान्याकडे जातो. होतं उलटंच. कव्हर पत्र्याचं, खालचं पॅकिंग कॉर्कचं. जास्त आवळलं की नटाजवळचा पत्रा दबतो, मधली कड किंचित उचलली जाते आणि तेलाला तिथेच वाट मिळते. कव्हर काचेवर ठेवून पाहा. कडेखालून उजेड दिसला, तर लाकडी ठोकळ्यावर हलक्या हाताने ठोकून ती सरळ करा.

सिलिंडर हेडला मात्र टॉर्क रेंचच हवा; मधल्या नटांपासून बाहेरच्यांकडे, टप्प्याटप्प्याने. तापल्यावर अ‍ॅल्युमिनियमचं हेड बिडाच्या ब्लॉकच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, म्हणून इंजिन गार असतानाच आवळा.

आणि सीलंट थापू नका! आत सुटलेला तुकडा तेलपंपाची जाळी तुंबवतो.