मानवी शक्तीवर चालणाऱ्या वाहनाचा हौशी शर्यत संघ : उभारणी आणि व्यवस्थापन

प्रस्तावना

ज्या वाहनात इंजिन नाही, मोटर नाही आणि सगळी शक्ती चालकाच्या स्नायूंतून येते, त्याला मानवी शक्तीवर चालणारे वाहन म्हणतात. नेहमीची सायकल हे त्याचे सर्वांत परिचित रूप. पण या पाठात आपण ज्या वाहनांचा विचार करणार आहोत त्यांत चालक मागे रेलून, पाय पुढे करून बसतो. अशा वाहनाला रिकम्बंट म्हणतात. १९३३ मध्ये फ्रान्सिस फोर या सायकलपटूने शार्ल मोशे यांनी बनवलेल्या रिकम्बंटवर एका तासात ४५ किमीपेक्षा जास्त अंतर कापले आणि तेव्हाचा विक्रम मोडला. पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाने अशी वाहने आपल्या शर्यतींतून वगळली. त्यामुळे या वाहनांच्या शर्यती वेगळ्या वाढल्या, आणि त्यांत विद्यार्थी व हौशी लोकांचा वाटा आजही मोठा आहे.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी अमेरिकन सोसायटी ऑफ मेकॅनिकल इंजिनिअर्स, म्हणजे एएसएमई, या संस्थेची स्पर्धा सर्वांत परिचित आहे. भारतातही तिच्या फेऱ्या झाल्या आहेत. डिझाइन अहवाल, कमी अंतराची वेगाची शर्यत आणि अडीच तासांची दीर्घ पल्ल्याची शर्यत हे तिचे मुख्य भाग राहिले आहेत. नियम वर्षागणिक बदलतात, म्हणून त्या वर्षीची नियमावली संघातील प्रत्येकाने पहिल्या आठवड्यातच वाचावी.

तुमच्या महाविद्यालयात असा संघ सुरू करायचा असेल तर एक गोष्ट आधीच लक्षात घ्या. बहुतेक नवे संघ गाडी हळू असल्यामुळे मागे पडत नाहीत. गाडी उशिरा तयार होते, म्हणून ते मागे पडतात. असे का होते आणि ते कसे टाळावे, हे पुढे पाहू.

१. अंतर नेमके कुठे मिळते?

सपाट रस्त्यावर एकसमान वेगाने जाताना चालकाची शक्ती मुख्यतः दोन ठिकाणी खर्च होते : हवेचा रोध आणि टायरचा लोळण-रोध. हवेसाठी लागणारी शक्ती = ½ × हवेची घनता × ड्रॅग क्षेत्रफळ × वेगाचा घन. लोळण-रोधासाठी लागणारी शक्ती = लोळण-रोध गुणांक × वजन × वेग.

सरळ बसून चालवायच्या सायकलचे ड्रॅग क्षेत्रफळ सुमारे ०.४ चौरस मीटर धरू. ताशी ३६ किमी, म्हणजे सेकंदाला १० मीटर वेगाला केवळ हवेसाठी २४० वॅट लागतात. चांगल्या फेअरिंगने, म्हणजे बाहेरच्या कवचाने, हे क्षेत्रफळ ०.१२ पर्यंत आणले तर ७२ वॅट पुरतात. म्हणून वेगाच्या शर्यतीत फेअरिंगला महत्त्व आहे.

आता दीर्घ पल्ल्याची शर्यत घ्या. या मार्गावर तीव्र वळणे, गतिरोधक, थांबा असे अडथळे असतात, त्यामुळे सरासरी वेग कमी राहतो. समजा तो ताशी २४ किमी आहे, चालकासह गाडीचे वस्तुमान १०० किलो आहे, ड्रॅग क्षेत्रफळ ०.२५ आहे आणि लोळण-रोध गुणांक ०.००६ आहे. तर हवेसाठी सुमारे ४४ वॅट आणि टायरसाठी ३९ वॅट लागतात. आता दोन पर्यायांची तुलना करू.

पहिला पर्याय : महिनाभर खपून गाडी २ किलोने हलकी केली. सपाट रस्त्यावर साधारण ०.८ वॅट वाचतात आणि वेग ताशी सुमारे ०.१ किमीने वाढतो. अडीच तासांत मिळाले जवळपास २८० मीटर. वारंवार थांबून पुन्हा वेग घ्यावा लागला तर फायदा थोडा वाढेल, इतकेच.

दुसरा पर्याय : चालक बदलायला लागणारा वेळ सरावाने २ मिनिटांवरून ४० सेकंदांवर आणला. तीन वेळा चालक बदलला तर ४ मिनिटे वाचली, म्हणजे १६०० मीटर.

एक पंक्चर काढण्यात ६ मिनिटे गेली तर २४०० मीटर गेले. साखळी अडकली, आयडलर तुटला, तर हिशेबच नको. म्हणजे न मोडणारी गाडी आणि सराव झालेले चालक यांतून जे अंतर मिळते, ते वजन कमी करून मिळणाऱ्या अंतराच्या कितीतरी पट आहे. या दोन्ही गोष्टींसाठी गाडी लवकर तयार असावी लागते.

२. गाडी उलटते तेव्हा

विद्यार्थी संघ बहुधा पुढे दोन आणि मागे एक चाक अशी तीनचाकी रचना निवडतात. ती थांबल्यावर पडत नाही, पण वळणावर उलटू शकते. पुढच्या चाकांमधले अंतर ८० सेंमी, गुरुत्वमध्य जमिनीपासून ४५ सेंमी उंच आणि ६५ टक्के भार पुढच्या चाकांवर असेल, तर ८ मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी सुमारे २४ किमी वेगाला आतले चाक उचलले जाते. आसन १० सेंमी खाली घेतले तर हीच मर्यादा ताशी सुमारे २७ किमी होते. फ्रेम कापण्यापूर्वी हे गणित तुम्ही स्वतः करून पाहा.

एएसएमईच्या नियमावलीत चालकाभोवती संरक्षक चौकट सक्तीची राहिली आहे. वरून, उभ्या रेषेशी १२ अंशांच्या कोनात २६७० न्यूटन बल लावल्यावर ती ५.१ सेंमीपेक्षा जास्त वाकता कामा नये. खांद्याच्या उंचीवर बाजूने १३३० न्यूटन लावल्यावर ३.८ सेंमीपेक्षा जास्त वाकता कामा नये. ताशी २५ किमी वेगावरून ६ मीटरच्या आत थांबता यावे, अशीही अट असते. म्हणजे सेकंदवर्गाला सुमारे ४ मीटर मंदन. संगणकावरील विश्लेषण पुरेसे समजू नका. वेल्डिंगची खरी ताकद संगणकाला माहीत नसते. ६०६१-टी६ अॅल्युमिनियमची नळी वेल्ड केली की सांध्याजवळची ताकद खूप घटते, आणि पुन्हा उष्मोपचार केल्याशिवाय ती परत येत नाही. नव्या संघाने पोलादी नळीच वापरावी. ती दुरुस्त करणारा वेल्डर कोणत्याही गावात मिळतो.

आमच्या संघाचा एक अनुभव इथे सांगणे भाग आहे. स्पर्धेला नऊ दिवस उरले असताना गाडी पहिल्यांदा जमिनीवर आली. संध्याकाळ झाली होती, सगळे उत्साहात होते. ‘पार्किंगमध्ये एकच फेरी’ म्हणून एक विद्यार्थी पट्टे न बांधता बसला. टाय रॉडच्या बोल्टला लॉक नट लावायचा राहिला होता. दुसऱ्या वळणावर बोल्ट निसटला, चाक आडवे झाले आणि गाडी कुशीवर पडली. चौकट शाबूत राहिली, पण पट्टे नसल्याने मुलगा अर्धा बाहेर फेकला गेला. मनगट मोडले. डोक्यावर हेल्मेट होते म्हणून तेवढ्यावर निभावले. त्या वर्षी आम्ही स्पर्धेला गेलो नाही. चूक त्या मुलाची एकट्याची नव्हती. मी तिथेच उभा होतो, आणि ‘एकच फेरी’ला मीही मान हलवली होती.

तेव्हापासून आमच्याकडे दोन नियम आहेत. पट्टा नाही तर पेडल नाही. आणि प्रत्येक फेरीपूर्वी तपासणी यादीवर दोघांच्या सह्या : एक ज्याने बोल्ट आवळले त्याची, दुसरी ज्याने आवळले नाहीत त्याची. घट्ट केलेल्या प्रत्येक नटावर रंगाची आडवी रेघ मारा. नट फिरला की रेघ तुटलेली दिसते.

३. संघाची रचना

पंधरा ते वीस जण पुरेसे असतात. कामांची विभागणी अशी करता येईल.

• फ्रेम आणि संरक्षक चौकट
• स्टिअरिंग आणि ब्रेक
• साखळी, गिअर आणि आयडलर
• आसन, पट्टे आणि फेअरिंग
• खरेदी, हिशेब आणि अहवाल
• चालक आणि सराव

याशिवाय एक सुरक्षा प्रमुख नेमा. त्याच्याकडे दुसरे कोणतेही काम देऊ नका. त्याने ‘थांबा’ म्हटले की कर्णधारानेही थांबायचे. हे पद भिडस्त विद्यार्थ्याला देऊ नये. चालक शेवटी निवडू नका. गाडी त्यांच्या पायांच्या लांबीनुसार बनवायची असते. सर्वांत उंच आणि सर्वांत बुटका चालक आधी ठरवा आणि पेडलची बूम त्या दोघांना पुरेल अशी मागे-पुढे सरकणारी ठेवा.

४. उलटे वेळापत्रक

वेळापत्रक स्पर्धेच्या दिवसापासून मागे मोजत आखा.

• २४ आठवडे आधी : नियमावलीचे वाचन, चालकांची मापे, लाकूड व पीव्हीसी पाइपचा पूर्णाकृती सांगाडा.
• २० आठवडे आधी : डिझाइन बंद. यानंतर सुचलेल्या कल्पना वहीत लिहा, पुढच्या वर्षी वापरा.
• १८ ते १० आठवडे आधी : साहित्य, कटिंग, वेल्डिंग, जोडणी.
• ८ आठवडे आधी : फेअरिंगशिवाय गाडी रस्त्यावर. चौकटीची भार चाचणी त्याआधी पूर्ण.
• शेवटचे ६ आठवडे : फक्त चालवणे, मोडणे, दुरुस्त करणे.

यात विद्यापीठाच्या परीक्षेचे आणि सणाच्या सुट्टीचे आठवडे शून्य धरा. त्या काळात कार्यशाळेत कोणी येत नाही, आणि यावे अशी अपेक्षाही ठेवू नये. वेळ कमी पडलाच तर फेअरिंग लहान करा किंवा सोडून द्या, पण सहा आठवड्यांच्या चाचणीला हात लावू नका.

५. सराव, सुटे भाग आणि प्रवास

सरावात निदान दोनदा सलग अडीच तास गाडी चालवा, तीही दुपारच्या उन्हात. फेअरिंगच्या आत हवा खेळत नसेल तर चालक वीस मिनिटांत थकतो. हे कागदावर कळत नाही. प्रत्येक बिघाडाची नोंद ठेवा : किती किलोमीटरनंतर, काय मोडले, कशाने दुरुस्त झाले. सुटे भाग याच नोंदीवरून ठरवा. ट्यूब, ब्रेक केबल, साखळीच्या जोडकड्या आणि आयडलर हे तर हवेतच. रिकम्बंटला सायकलच्या दोन-तीन साखळ्या जोडून एक लांब साखळी करावी लागते, म्हणून जोडकड्या जास्त घ्या. शक्य तिथे शहरातल्या सायकल दुकानात मिळणारे भाग वापरा. मागवलेला भाग स्पर्धेच्या आदल्या रात्री मिळत नाही.

गाडी टेम्पोने जाईल की रेल्वे पार्सलने, हे डिझाइन करतानाच ठरवा. बूम, चाके आणि फेअरिंग सुटी होत असतील तर खर्च आणि मोडतोड दोन्ही कमी होतात. अंदाजपत्रकात प्रवास, निवास आणि सुटे भाग यांची रक्कम आधी बाजूला काढा. उरेल त्यात गाडी बनवा. उलट क्रम लावलेल्या संघाकडे गाडी असते, पण प्रवासाचे भाडे नसते.

६. पुढच्या वर्षासाठी

शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी गेले की संघाची स्मृतीही जाते. म्हणून दुसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी प्रत्येक विभागात ठेवा, आणि बिघाडांची वही त्याच्या हाती द्या. डिझाइन अहवाल चांगल्या गोष्टी सांगतो. ही वही खऱ्या सांगते.

सारांश

दीर्घ शर्यतीत टिकाऊपणा आणि सराव यांतून मिळणारे अंतर वजन कमी करून मिळणाऱ्या अंतरापेक्षा बरेच जास्त असते. त्यासाठी गाडी निदान सहा आठवडे आधी धावली पाहिजे. घाईत बांधलेल्या गाडीत आपला मित्र बसणार आहे, ही गोष्ट वेळापत्रक आखतानाच लक्षात ठेवा.

स्वाध्याय

१. चाकांमधले अंतर ९० सेंमी केले तर विभाग २ मधील उलटण्याचा वेग किती होईल? गुरुत्वमध्याची उंची ४५ सेंमीच धरा.
२. सरासरी वेग ताशी ३० किमी असेल तर विभाग १ मधील दोन पर्यायांची तुलना पुन्हा करा.
३. तुमच्या महाविद्यालयाचे चालू शैक्षणिक वर्षाचे वेळापत्रक घेऊन २४ आठवड्यांची योजना आखा. शून्य आठवडे किती निघाले?