शारजाहची धावपट्टी

संयुक्त अरब अमिरातीतील शारजाह शहरात किंग अब्दुल अझीझ नावाचा रस्ता आहे. दुतर्फा दुकाने, मध्ये मोटारींची रांग. हा रस्ता म्हणजे एका जुन्या विमानतळाची धावपट्टी आहे. २०२० च्या करारानंतर आपली मुले-नातवंडे दुबईला जाऊन येऊ लागली आहेत. शारजाह दुबईला लागूनच आहे. या धावपट्टीचे आपल्या कराची-मुंबईशी जुने नाते आहे, म्हणून तिची हकीकत येथे देत आहोत.

१९२९ साली इम्पीरियल एअरवेज कंपनीने लंडन ते कराची विमानसेवा सुरू केली. विमाने इराणच्या किनाऱ्याने येत. इराणने ती परवानगी पुढे चालू ठेवली नाही, तेव्हा १९३२ मध्ये हा मार्ग समोरच्या अरब किनाऱ्यावर न्यावा लागला. त्या वेळची विमाने ताशी जेमतेम १६० किलोमीटर जात. वाटेत पेट्रोल भरावे लागे आणि रात्रीचा मुक्कामही करावा लागे.

शारजाहचे शेख सुलतान बिन सक्र अल कासिमी यांनी जुलै १९३२ मध्ये जागा देण्याचा करार केला. भाडे ठरले दरमहा ८०० रुपये, शिवाय शेखांना ५०० रुपये. होय, रुपयेच! तेव्हा त्या किनाऱ्याचा कारभार ब्रिटिश हिंदुस्थान सरकारमार्फत चाले आणि बाजारात आपलाच रुपया चालत असे. पुढे १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या. १९६६ मध्ये रुपयाची किंमत उतरली आणि तेथील त्याचे चलनही संपत गेले.

५ ऑक्टोबर १९३२ रोजी 'हॅनो' हे चार इंजिनांचे विमान शारजाहच्या वाळूत उतरले. प्रवाशांच्या मुक्कामासाठी किल्ल्यासारखी भक्कम इमारत बांधण्यात आली. तिचे नाव अल महत्ता, म्हणजे स्टेशन.

त्यानंतर दहाच दिवसांनी, १५ ऑक्टोबरला, जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन स्वतः विमान चालवत अहमदाबादमार्गे मुंबईत जुहूला उतरले. विलायतेचे टपाल कराचीपर्यंत इम्पीरियलने आणायचे आणि तेथून पुढे टाटांनी न्यायचे, अशी ती व्यवस्था होती. कराचीत तेव्हा आपल्या बेने इस्रायल समाजाची चांगली वस्ती होती. सॉलोमन डेव्हिड यांनी १८९३ मध्ये बांधलेले मागेन शालोम सिनेगॉग तेथे होते. विलायतेहून विमानाने कराचीला किंवा मुंबईला येणारे पत्र त्या काळात शारजाहच्या वाळूवरून येत असे.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाने येथे तळ उभारला. शत्रूच्या पाणबुड्या शोधण्यासाठी येथून विमाने ओमानच्या आखातावर गस्त घालत. युद्धानंतरही लष्कर राहिले. १९५७ ते १९५९ या काळात ओमानच्या जेबेल अखदर डोंगरातील लढाईसाठी लढाऊ विमाने येथूनच उडत. डिसेंबर १९७१ मध्ये ब्रिटिश निघून गेले आणि अमिराती एक राष्ट्र झाल्या. १९७७ मध्ये शहराबाहेर नवा विमानतळ सुरू झाला. जुना बंद पडला आणि वाढत्या शहराने त्याची जागा व्यापली.

अल महत्ताची इमारत मात्र पाडली नाही. २००० साली तेथे संग्रहालय उघडले. त्यात जुनी विमानेही ठेवली आहेत. कुणी शारजाहला गेले तर तेथे जरूर जावे.

कराचीच्या मागेन शालोमच्या वाट्याला हे भाग्य आले नाही. १९८८ मध्ये ते पाडण्यात आले आणि त्या जागी दुकानांची इमारत उभी राहिली. ज्या इमारतीला जपणारे कुणी होते, ती उरली. जपणारे दुसऱ्या देशांत निघून गेले, ती गेली. यात दोष कुणाला द्यावा? आपली माणसे मायदेशी आली, हा तर आनंदच.

पण कागद अजून आपल्या हाती आहेत. वाचकहो, आपल्या पेटीत हवाई टपालाचे जुने पाकीट असेल, कराचीतल्या लग्नाचा फोटो असेल, तर त्यामागे माणसांची नावे, गाव आणि साल लिहून ठेवा. आपल्याला चेहरे ओळखू येतात, नातवंडांना येणार नाहीत. मराठी वाचता न येणाऱ्यांसाठी तेच हिब्रूतही लिहा. आणि जमल्यास एक प्रत आमच्याकडे पाठवा.