डिकॉक्शनला घाई नको!

ऑफिसच्या मशीनची कॉफी पिऊन वैतागलात? मग स्टीलचा साउथ इंडियन फिल्टर आणाच. माझ्या पहिल्या तीन खेपा चक्क बेसिनमध्ये गेल्या. पावडर जोर लावून दाबली होती, डिकॉक्शन उतरेचना! वरच्या भांड्यात तीन मोठे चमचे पावडर, त्यावर दांडीची चकती अलगद ठेवायची. उकळून मिनिटभर थांबवलेलं कपभर पाणी हळूहळू ओतायचं, झाकण लावायचं आणि सरळ झोपायचं. सकाळी ८.०५ची लोकल गाठणाऱ्यांसाठी हे बेस्ट. चिकोरीने रंग नि दाटपणा येतो, पण २० टक्क्यांपुढे मला तरी कडूच लागते. दूध कडकडीत हवं, डिकॉक्शन मात्र पुन्हा उकळू नका. पावडरही एका वेळी १०० ग्रॅमच घ्या. दळली, की तिचा घमघमाट उडायला लागतो.