‘सेम’ आणि ‘सिमिलर’

‘सेम’ आणि ‘सिमिलर’ हे इंग्रजी शब्द पेढीवरच्या बोलण्यात सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. वस्तुतः दोहोंत मोठे अंतर आहे. ‘सेम’ म्हणजे तोच किंवा तंतोतंत तसाच. ‘सिमिलर’ म्हणजे पुष्कळ अंशी मिळताजुळता, परंतु तो नव्हे. मागितलेला माल नसताना ‘सिमिलर आहे’ असे सांगून दुसरा दाखविणे हा सरळ व्यवहार. ‘सेमच आहे’ म्हणून तो देणे ही फसवणूक.

कायद्यानेही या शब्दाची दखल घेतली आहे. ट्रेड मार्क्स कायदा, १९९९ मध्ये ‘डिसेप्टिव्हली सिमिलर’, म्हणजे भ्रामक साम्य असलेले, अशी संज्ञा आहे. एखादे व्यापारचिन्ह दुसऱ्याशी इतके मिळतेजुळते असेल की ग्राहकाची फसगत वा गोंधळ होण्याचा संभव आहे, तर ते या संज्ञेत मोडते. प्रत्यक्ष कोणी फसलेच पाहिजे, अशी अट नाही.

हे साम्य कोणाच्या नजरेने मोजावयाचे? ‘अमृतधारा’ आणि ‘लक्ष्मणधारा’ या औषधांच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये याचे उत्तर दिले. दोन्ही शब्दांची फोड केली तर अर्थ निराळे होतात. परंतु सामान्य ग्राहक फोड करीत बसत नाही. त्याच्या मनात नावाची पुसट आठवण असते आणि तिच्या आधारावर तो खरेदी करतो. म्हणून एकूण ठसा पाहावा, असे न्यायालयाने मानले. तथापि मूळ मालकाने वर्षानुवर्षे मौन बाळगल्यामुळे ‘लक्ष्मणधारे’ची नोंदणी उत्तर प्रदेशापुरती कायम राहिली. आपल्या नावाची राखण वेळीच करावी, हा त्यातील दुसरा धडा.

जैन परंपरेला हा विचार नवा नाही. तत्त्वार्थसूत्रात अचौर्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. खोटी वजनमापे हा त्यांतील एक. आणि अखेरचा ‘प्रतिरूपक व्यवहार’, म्हणजे अस्सलाच्या जागी त्याच्यासारखे दिसणारे नकली खपविणे. कायदा चिन्हांतील साम्य पाहतो. व्रत मात्र विक्रेत्याच्या हेतूपर्यंत पोहोचते.

नव्या मालाचे नाव ठरविताना किंवा मिळत्याजुळत्या नावाचा माल भरताना एकच प्रश्न पुरेसा आहे: ग्राहकाला खरा फरक समजला, तरी तो हाच माल घेईल काय? उत्तर ‘नाही’ असेल, तर तो नफा चोपडीत जमेकडे दिसला तरी खरी जमा नव्हे.