एका छोट्या 'दे'ची किमया

'गुरुजी बंडूशी बोलले' आणि 'गुरुजी बंडूला बोलले' ही दोन वाक्ये पाहा. क्रियापद एकच, पण पहिल्या वाक्यात संभाषण झाले, तर दुसऱ्यात बंडूची कानउघाडणी! फरक केवळ 'शी' आणि 'ला' यांचा. स्पॅनिश भाषेत असा प्रकार फार मोठ्या प्रमाणावर आढळतो. स्पेनसह वीस देशांची ही राजभाषा शिकताना एकेका शब्दाचा अर्थ कोशात पाहून वाक्य जुळवणारा माणूस नेमका येथेच फसतो.

मराठीत 'ला', 'शी', 'साठी' वगैरे नामाला मागून जोडले जातात. स्पॅनिशमध्ये ते काम करणारी अव्यये नामाच्या आधी येतात व सुटी लिहिली जातात. 'दे' म्हणजे 'चा' किंवा 'पासून', 'कोन' म्हणजे 'बरोबर', 'आ' म्हणजे 'कडे' किंवा 'ला'. असे का? लॅटिन भाषेत संस्कृतप्रमाणेच नामांना विभक्तिप्रत्यय लागत. लॅटिनपासून स्पॅनिश घडत असताना हे प्रत्यय झिजत गेले आणि त्यांचे बरेचसे काम या सुट्या अव्ययांवर येऊन पडले.

प्रयोगशाळेत आपण एकच घटक बदलतो व बाकी सारे तसेच ठेवतो. असाच प्रयोग 'देखार' या क्रियापदावर करू. (यातील 'ख' घशातून घासून उच्चारावा.) 'देखार' म्हणजे सोडणे किंवा करू देणे. 'आब्लार' म्हणजे बोलणे. म्हणून 'देखा आब्लार' याचा अर्थ 'बोलू दे'. आता मध्ये फक्त 'दे' घाला. 'देखा दे आब्लार' म्हणजे 'बोलणे बंद कर'! परवानगीची मनाई झाली.

दुसरे क्रियापद 'आकाबार', म्हणजे संपवणे. 'आकाबो एल लिब्रो' म्हणजे 'मी पुस्तक संपवतो'. पण 'आकाबो दे लेएर एल लिब्रो' म्हणजे 'मी नुकतेच पुस्तक वाचले'. 'आकाबो' हे रूप वर्तमानकाळाचे, पण घटना मात्र होऊन गेलेली! येथे वापराचा एक नियमही ध्यानात घ्या. पुरुष आणि काळ दाखवण्याचे काम पहिले क्रियापद करते. अव्ययापुढचे 'लेएर' (वाचणे) मूळ रूपातच राहते. 'तिने नुकतेच वाचले' असे म्हणायचे तर 'आकाबा दे लेएर'.

याच क्रियापदाला 'दे'ऐवजी 'कोन' जोडला, तर 'नायनाट करणे' असा अर्थ होतो. 'आकाबार कोन ला मालारिआ' म्हणजे मलेरियाचा नायनाट करणे. शब्दाला शब्द ठेवणारा मात्र 'मलेरियाबरोबर संपणे' असे भाषांतर करील!

हे कसे समजून घ्यावे? लोखंडाचा कीस व गंधक यांचे मिश्रण तुम्ही शाळेत केले असेल. त्यातले लोखंड लोहचुंबकाने वेगळे काढता येते, कारण मिश्रणात घटकांचे गुणधर्म टिकून राहतात. तेच मिश्रण तापवले की आयर्न सल्फाइड हे संयुग तयार होते. मग लोखंडाचा तो गुण दिसत नाही. क्रियापद व अव्यय यांच्या जोड्याही अशाच दोन प्रकारच्या असतात. 'आब्लार कोन' म्हणजे '-बरोबर बोलणे'. येथे दोन्ही शब्दांचे अर्थ कायम आहेत. हे मिश्रण झाले. 'कोंतार' म्हणजे मोजणे, पण 'कोंतार कोन' म्हणजे सहसा '-वर भरवसा ठेवणे'. हे झाले संयुग! त्याचा अर्थ तुकडे पाडून सापडत नाही. जोडी अखंड धरूनच तो कोशात पाहावा लागतो.

कधी कधी एकच जोडी दोन्ही प्रकारे वागते. 'बोल्वेर' म्हणजे परतणे. 'बोल्वेर आ माद्रिद' म्हणजे माद्रिदला परतणे. पण 'बोल्वेर आ लेएर' म्हणजे पुन्हा वाचणे. म्हणजे 'आ'च्या पुढे गावाचे नाव आले की मिश्रण, आणि क्रियापद आले की संयुग. म्हणून अव्ययाच्या पुढे काय आले आहे, हेही पाहिले पाहिजे.

आता तुमच्यासाठी एक काम. 'पाहणे' आणि 'लागणे' ही मराठी क्रियापदे घ्या. 'मुलांना पाहणे' व 'मुलांकडे पाहणे', 'कामाला लागणे' व 'नादी लागणे' अशा जोड्या वहीत लिहून काढा. त्यांतली मिश्रणे कोणती आणि संयुगे कोणती, ते वर्गात चर्चा करून ठरवा.