टोरोंटोचं पत्र : हप्ता बदलण्याची किंमत

अटल सेतू झाल्यापासून उलवे-द्रोणागिरीत फ्लॅट घेऊ पाहणारी चिरनेरकडची मुलं मला विचारतात, कॅनडात घरकर्ज कसं फेडतात?

इथे हप्ता बहुधा पंचवीस वर्षांच्या हिशेबाने बांधतात, पण करार बऱ्याचदा पाचच वर्षांचा. तो संपला की उरलेल्या रकमेवर नव्या दराने नवा करार. पगार अनेकांना दोन आठवड्यांनी होतो, म्हणून हप्ताही तसा बांधून मिळतो. महिन्याच्या 2,400 डॉलरऐवजी दर दोन आठवड्यांनी 1,200 भरले, तर वर्षाचे 26 हप्ते, म्हणजे 28,800ऐवजी 31,200 डॉलर जातात. वरचे 2,400 मुद्दलातून वजा होतात आणि कर्ज काही वर्षं आधी फिटतं. मात्र बँकेने 28,800चेच 26 भाग केले, तर फायदा नावापुरता उरतो. करारात 'ॲक्सिलरेटेड' शब्द आहे का, हे सहीआधी बघावं लागतं.

खरी कात्री लागते ती मुदतीआधी कर्ज फेडताना. वर्षाला मूळ कर्जाच्या साधारण 10 ते 20 टक्के रक्कम दंडाविना भरता येते. त्यापुढे, स्थिर दराच्या कर्जावर, तीन महिन्यांचं व्याज किंवा दरांतला फरक, यांतलं जे जास्त ते द्यावं लागतं. चार लाख डॉलर 5 टक्क्यांनी बाकी असतील, तर तीन महिन्यांचं व्याज 5,000. पण बाजारदर साडेतीनवर आला आणि कराराची तीन वर्षं उरली असतील, तर फरक ढोबळमानाने 18,000! नोकरीपायी घर विकावं लागलेल्या माणसावर हा अन्याय आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

मार्च 2022 ते जुलै 2023 या काळात बँक ऑफ कॅनडाने दर पाव टक्क्यावरून 5 टक्क्यांवर नेला. बदलता दर पण ठरलेला हप्ता, अशा कित्येक कर्जांत हप्त्यातून व्याजसुद्धा भागेना; मुद्दल वाढत गेलं. अडचणीतल्या कर्जदाराची मुदत तात्पुरती वाढवताना बँकांनी शुल्क घेऊ नये, असं सरकारला नोव्हेंबर 2023च्या घरकर्ज सनदेत सांगावं लागलं.

आपल्याकडे तरत्या दराच्या घरकर्जावरचा मुदतपूर्व फेडीचा दंड रिझर्व्ह बँकेने 2012मध्येच बँकांना बंद करायला लावला. ऑगस्ट 2023च्या परिपत्रकाप्रमाणे दर वाढल्यावर हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही, ही निवड कर्जदाराला द्यायची आहे. मुदत वाढवताना मुद्दल फुगता कामा नये, हेही त्यात आहे. शिवाय वसूल झालेलं मुद्दल, व्याज आणि उरलेले हप्ते दाखवणारं विवरण दर तिमाहीला द्यायचं आहे. ते मिळत नसेल, तर शाखेत जाऊन लेखी मागा.