गोधडीचे कापड : पारख आणि निवड

शिरूर आणि दौंड हे पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील दोन तालुके पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडतात. येथील उन्हाळा जितका कडक, तितकीच पौष-माघातील रात्रही बोचरी असते. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचे तापमान अनेकदा १० अंश सेल्सिअसच्या खाली उतरते. रात्री वीज आली म्हणजे कांद्याला किंवा गव्हाला पाणी देण्यासाठी शिवारात जाणारा शेतकरी, घोड आणि भीमा या नद्यांच्या खोऱ्यांत उसाच्या हंगामात कोपी घालून राहणारी तोडणी कामगारांची कुटुंबे, तसेच घरोघरची वृद्ध माणसे व तान्ही मुले, या सर्वांना थंडीपासून राखणारे परंपरागत पांघरूण म्हणजे गोधडी होय. काही घरांत तिलाच वाकळ म्हणतात. बाजारात ब्लँकेटांचा सुकाळ झाला असला, तरी घरच्याच जुन्या वस्त्रांतून थोड्या पैशांत सिद्ध होणाऱ्या या पांघरुणाची उपयुक्तता कमी झालेली नाही.

गोधडी कशी शिवावी, हे आपल्या भगिनींना नव्याने शिकविण्याचे कारण नाही. धावदोऱ्याचा टाका त्यांच्या बोटांत आई-आजीकडून आलेला आहे. परंतु ज्या कापडावर हे कसब चालते, ते कापड मात्र पार बदलून गेले आहे. पूर्वी घरातील जुने वस्त्र म्हणजे सुती लुगडे, धोतर किंवा पंचा, असे गृहीत धरता येत असे. १९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणाने कृत्रिम धाग्यांवरील बंधने सैल केली, पॉलिस्टरची वस्त्रे स्वस्त झाली, आणि हळूहळू गावोगावच्या पेट्यांत सुती लुगड्यांची जागा कृत्रिम धाग्याच्या साड्यांनी घेतली. आज गोधडीस बसणाऱ्या स्त्रीपुढे जो ढीग असतो, त्यात शुद्ध सुती, मिश्र आणि पूर्णतः कृत्रिम अशी सर्व प्रकारची कापडे एकत्र असतात. शिवण्याचे श्रम सर्वांना सारखेच पडतात. फळ मात्र सारखे मिळत नाही. म्हणून सुई हाती घेण्यापूर्वी कापड ओळखणे, हे आता गोधडीच्या कामातील पहिले पाऊल झाले आहे.

ऊब कशामुळे मिळते?

गोधडी स्वतः उष्णता निर्माण करीत नाही. शरीराची उष्णता बाहेर जाऊ न देणे एवढेच तिचे कार्य आहे, आणि ते कापडापेक्षाही थरांमध्ये कोंडलेली हवा करते. यास्तव एका जाडजूड थरापेक्षा पातळ कापडाचे चार-पाच थर अधिक उबदार ठरतात. बंगालमधील कांथा आणि बिहारमधील सुजनी यांची रचनाही याच तत्त्वावर झालेली आहे. मऊ झालेली जुनी पातळ वस्त्रे एकावर एक ठेवून धावदोऱ्याने जोडणे, हीच त्यांचीही रीत आहे.

दुसरी गोष्ट घामाची. झोपेतही शरीरातून ओलावा बाहेर पडत असतो. सर्वसाधारण हवेत १०० ग्रॅम कोरडा कापूस सुमारे ८ ग्रॅम ओलावा स्वतःत सामावून घेतो. तितकेच पॉलिस्टर अर्धा ग्रॅमही घेत नाही. म्हणून कृत्रिम कापडाची गोधडी अंगावर घेतली असता प्रथम गुदमरल्यासारखे होते आणि नंतर घाम तसाच राहून अंग गार पडते. अंगाला लागणारा थर सुती असावा, हा नियम याच कारणाने पाळावयाचा आहे.

कापडाच्या तीन परीक्षा

दुकानदाराने ‘कॉटन’ म्हटले किंवा हाताला मऊ लागले, एवढ्यावरून कापड सुती मानू नये. पुढील तीन परीक्षा कोणालाही घरी करता येतील.

पाण्याची परीक्षा : कापड प्रथम धुऊन वाळवावे, कारण नव्या कापडातील खळ पाणी अडविते. नंतर त्यावर पाण्याचा एक थेंब टाकावा. धुतलेले सुती कापड तो तत्काळ शोषून घेते. कृत्रिम कापडावर तो बहुधा काही वेळ मण्यासारखा उभा राहतो किंवा नुसता पसरतो.

विस्तवाची परीक्षा : कापडातून उभे आणि आडवे धागे वेगवेगळे काढावेत, कारण काही कापडांत दोन्ही दिशांचे धागे भिन्न असतात. धाग्यांची छोटी जुडी चिमट्यात धरून पाण्याच्या ताटावर ज्योतीजवळ न्यावी. सुती धागा भरकन पेटतो, जळक्या कागदासारखा वास येतो, आणि मागे मऊ करडी राख राहते. पॉलिस्टर ज्योतीपासून आकसते, वितळते, काळा धूर सोडते, आणि थंड झाल्यावर त्याचा कठीण मणी बनतो. राखही पडली आणि बोटाला खडेही लागले, तर ते टेरिकॉटसारखे मिश्र कापड समजावे. जळक्या केसांसारखा वास आल्यास लोकर किंवा रेशीम असते. ही परीक्षा गवताच्या गंजीपासून व गोठ्यापासून दूर, मुलांना जवळ येऊ न देता करावी.

ओल्या धाग्याची परीक्षा : रेयॉन म्हणजे व्हिस्कोज हा धागा सुतासारखाच जळतो, त्यामुळे विस्तवाने तो ओळखू येत नाही. एक धागा कोरडा व एक ओला करून दोन्ही ताणून पाहावेत. सुती धागा ओला झाल्यावर अधिक बळकट होतो. रेयॉनचा धागा ओला होताच दुबळा होऊन चटकन तुटतो. गोधडी भिजली म्हणजे फार जड होते आणि धुताना तिला आपटणे-पिळणे सोसावे लागते. म्हणून रेयॉनचे कापड बाहेरच्या थराला घेऊ नये.

चुलीजवळचा धोका

सुती कापडही पेटते, हे विसरता कामा नये. परंतु कृत्रिम कापड पेटताना वितळते, आणि तो तप्त रस त्वचेला चिकटून खोल भाजतो. उसाच्या पाचटाने शाकारलेल्या कोपीत चूल आणि अंथरूण यांत अंतर ते कितीसे असणार? अशा ठिकाणी कृत्रिम कापडाची गोधडी वापरणे म्हणजे संकटास जवळ बोलावणे होय. कोणतीही गोधडी चुलीपासून व शेकोटीपासून दूर असावी. दुर्दैवाने कोणी भाजल्यास त्या भागावर सुमारे २० मिनिटे थंड वाहते पाणी सोडावे, त्वचेला चिकटलेले कापड ओढून काढू नये, आणि रुग्णास विनाविलंब दवाखान्यात न्यावे.

मग घरातील कृत्रिम साड्यांचे करावे काय? त्या टिकाऊ असतात व लवकर वाळतात. जमिनीवर अंथरावयाच्या गोधडीच्या तळाला त्यांचा चांगला उपयोग होतो. मात्र तेथेही झोपणाऱ्याच्या अंगाकडील थर सुतीच ठेवावा. लहान मुलांच्या दुपट्यात व गोधडीत कृत्रिम कापड मुळीच घालू नये. तान्ह्या मुलाची गोधडी पातळ व हलकी असावी आणि ती त्याच्या तोंडावर कधीही ओढू नये.

जुन्या कापडाची प्रतवारी

धान्याची जशी प्रतवारी करतो, तशीच जुन्या कापडाचीही करावी. कापड उजेडासमोर धरावे. विरलेली जागा लगेच दिसते. नंतर दोन्ही मुठींत पकडून अंगठे जुळवावेत आणि बेताने ताणावे. ताण सोसणारे कापड पहिल्या ढिगात टाकावे; ते गोधडीच्या दोन्ही पृष्ठांसाठी ठेवावे. विरलेले पण न फाटणारे कापड दुसऱ्या ढिगात जाईल. ते आतील भर म्हणून उत्तम. हलक्या ताणानेच चर्रकन फाटणारे कापड तिसऱ्या ढिगात टाकून पुसण्यासाठी वापरावे. ते गोधडीत घातल्यास दोन-चार धुण्यांत त्याचा गोळा होतो आणि तेवढी जागा पोकळ पडते.

नऊवारी लुगड्याची लांबी सुमारे ८.२ मीटर असते. त्याचे सारखे चार तुकडे केल्यास प्रत्येक तुकडा २ मीटरहून किंचित मोठा होतो. पन्हा सव्वा वाराचा, म्हणजे सुमारे १.१५ मीटर धरल्यास, दोन तुकडे शेजारी जोडून दोन माणसांच्या गोधडीचे एक पृष्ठ तयार होते. याप्रमाणे एका धडक्या लुगड्यात अशा गोधडीची दोन्ही पृष्ठे निघतात. सहावारी साडीची लांबी सुमारे साडेपाच मीटर असते. तिच्यातून एका माणसाच्या गोधडीची दोन्ही पृष्ठे निघून दीड मीटर कापड ठिगळांसाठी व गोठासाठी उरते. काठ आणि मधले अंग यांची वीण वेगळी असते. म्हणून जाड काठ कापून घ्यावेत आणि कडेच्या गोठाला लावावेत. जरीचा काठ अंगाला टोचतो, तो वगळावा.

कोणती कापडे घेऊ नयेत?

पिकांवर औषध फवारताना वापरलेले कपडे गोधडीत कदापि घालू नयेत. कीटकनाशकाचा अंश धाग्यांत राहतो आणि धुऊनही तो पूर्णपणे जाईल याची खात्री नसते. असे कपडे घरच्या धुण्यापासून वेगळे धुवावेत व फवारणीसाठीच राखून ठेवावेत. औषधांच्या व खतांच्या पिशव्याही भर म्हणून वापरू नयेत. बनियनासारखे विणीचे, ताणले जाणारे कापड साध्या कापडासोबत घेतल्यास गोधडीला चुण्या पडतात. जाड जीनचे कापड व पातळ मलमल एकत्र शिवल्यास जाड कापड पातळास फाडते. बोहारणीकडून किंवा जुन्या बाजारातून घेतलेले कापड उकळत्या पाण्यात भिजवून व कडक उन्हात वाळवूनच घरात घ्यावे. खरजेसारखे त्वचारोग अशा वस्त्रांतून पसरू शकतात.

जुळवणी

नवे मांजरपाट घ्यावयाचे असल्यास ते रात्रभर पाण्यात भिजत ठेवावे, खळ जाईपर्यंत धुवावे आणि पूर्ण वाळवावे. नवे सुती कापड पहिल्या धुण्यात दर मीटरला काही सेंटीमीटर आकसते. ते न धुता जुन्या कापडाला जोडले, तर पुढे आकसताना जुन्या कापडाला ओढते आणि टाक्याजवळ ते फाटते. रंगीत तुकड्यावर ओले पांढरे फडके घासून पाहावे. फडक्याला रंग लागल्यास तो तुकडा रंग सुटणे थांबेपर्यंत वेगळा धुवावा, नाही तर एका तुकड्याने सबंध गोधडी डागाळते.

सर्व थरांचे उभे धागे एकाच दिशेला ठेवावेत, म्हणजे सर्व थर सारखेच आकसतात. आतील भर सपाट पसरावी, एकावर एक जोड येऊ देऊ नयेत, आणि प्रथम लांब टाक्यांनी सर्व थर टाचून घ्यावेत. शिवण्यास सुती दोरा घ्यावा व तो फार ओढू नये, कारण ताणलेला दोरा जुने मऊ कापड कापतो. दोन पृष्ठे आणि मध्ये दोन ते तीन पातळ थर एवढे आपल्याकडील थंडीस सामान्यतः पुरेसे होतात. थर फार वाढविले तर गोधडी धुणे कठीण होते, आणि न धुतलेली गोधडी कितीही उबदार असली तरी आरोग्यास हितावह नाही.

विक्रीसाठी गोधडी

गावातील काही बचत गट पुण्याच्या ग्राहकांसाठी गोधड्या तयार करू इच्छितात. हा उद्योग स्वागतार्ह आहे. पण शहरातील ग्राहक हाताच्या शिवणीबरोबरच सुती कापडासाठीही अधिक किंमत देतो. शिंप्याच्या दुकानातील कातरण बहुधा मिश्र धाग्यांचे असते. ते परीक्षा न करता वापरून ‘शुद्ध सुती’ म्हणून विकले, तर पहिल्याच धुण्यात किंवा पहिल्याच उन्हाळ्यात खरे उघडकीस येते, आणि एका गोधडीमुळे सबंध गटाचा विश्वास जातो. प्रत्येक गोधडीसोबत पृष्ठाचे कापड कोणते, आतील भर कोणती आणि ती धुवावी कशी, हे चिठ्ठीवर लिहून द्यावे. आत मिश्र कापड असेल तर तसे स्पष्ट लिहावे व किंमत त्याप्रमाणे ठेवावी.

ग्रामकार्यकर्त्यांनी काय करावे?

घटस्थापनेपूर्वी घरोघरच्या गोधड्या धुण्यासाठी बाहेर निघतात. कोणती गोधडी विरली, कोणती नवी शिवावयाची, हे त्याच वेळी ठरते. ग्रामस्तरावर काम करणाऱ्या बंधुभगिनींनी हे दिवस साधून महिला मंडळात किंवा बचत गटाच्या बैठकीत एक प्रात्यक्षिक ठेवावे. पाण्याचे भांडे, चिमटा, ताट, काड्यापेटी आणि घराघरांतून आणलेले जुने कापड एवढीच सामग्री त्यास पुरते. प्रत्येक भगिनीने आपल्या कापडाची परीक्षा स्वतःच्या हातांनी करावी आणि त्याचे तीन ढीग लावावेत. तान्ही मुले असलेल्या घरांकडे, तसेच हंगाम सुरू होताच तोडणी कामगारांच्या वस्तीकडे प्रथम लक्ष द्यावे. कारण चुकीच्या कापडाची सर्वाधिक झळ त्यांनाच पोहोचते.

एक गोधडी हाताने पुरी करण्यास अनेक दुपारी खर्ची पडतात. कापडाच्या परीक्षेस एक घटकाही लागत नाही. तेवढा वेळ आधी दिला, तर त्या दुपारी वाया जाणार नाहीत आणि घरातील सर्वांत लहान व सर्वांत वृद्ध माणसाची झोप सुखाची होईल.